सरासरी उत्पन्न आणि घरातील जीवनमान

नेर तालुक्यात दसरा उलटला की कपाशीच्या वावरांत सीतादही होते आणि वेचणीस प्रारंभ होतो. त्यापुढील तीन-चार महिने हा ह्या भागातील पैशाचा हंगाम होय. यवतमाळ-अमरावती रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसू लागतात, बाजाराच्या दिवशी कापडाच्या व भांड्यांच्या दुकानांतून गर्दी होते, सोयाबीन विकून ज्यांनी दिवाळी साजरी केली ते कापसाच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरवितात. बाहेरगावच्या पाहुण्याने ह्याच दिवसांत तालुका पाहिला, तर येथे दारिद्र्य आहे असे त्यास सहसा वाटणार नाही. तोच पाहुणा श्रावणात आला, तर उधारीवर फवारणीचे औषध आणणारा शेतकरी, चिखलाने बंद झालेली पांदण आणि तापाने फणफणलेल्या मुलास दवाखान्यात नेण्यासाठी शेजाऱ्याकडे शंभर-दोनशे रुपये मागणारी आई त्याच्या दृष्टीस पडेल. तालुका तोच, कुटुंबे तीच आणि वर्षाचे एकूण उत्पन्नही तेच.

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यास हा अनुभव नवा नाही. परंतु प्रदेशाचे उत्पन्न, तेथील दारिद्र्य आणि तेथील माणसांचा विकास ह्यांविषयी जेव्हा आकडेवारी प्रसिद्ध होते, तेव्हा ह्या तीन गोष्टी जणू एकच आहेत अशा समजुतीने आपण ती वाचतो. त्या एक नाहीत. त्यांचे परस्परांशी नाते आहे, आणि ते घनिष्ठ आहे; परंतु ते नाते कोठे जुळते व कोठे तुटते हे समजल्यावाचून शेतीसुधारणेचे कार्यदेखील अर्धवट राहते, असे मला गेल्या काही वर्षांच्या कामावरून वाटू लागले आहे.

प्रथम हे नाते कोठे जुळते ते पाहू. राज्य शासनाने 2002 साली महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. आरोग्य, शिक्षण व उत्पन्न ह्यांचा एकत्र विचार करून त्यात प्रत्येक जिल्ह्याचा निर्देशांक काढलेला होता. त्या मोजपट्टीवर मुंबईचा निर्देशांक 1.00 होता, पुण्याचा 0.76, नागपूरचा 0.71, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा 0.22. आपल्याखाली एकटा गडचिरोली जिल्हा होता, तोही 0.21 वर. पुढे 2012 च्या अहवालात यवतमाळचा निर्देशांक 0.700 आणि राज्याचा 0.752 असा देण्यात आला. सर्वांत खाली नंदुरबार जिल्हा होता. दोन्ही अहवालांची मोजण्याची पद्धत निराळी असल्याने 0.22 वरून आपण 0.700 वर झेप घेतली असा अर्थ कोणी काढू नये. इतके मात्र खरे की, दरडोई उत्पन्नात जे जिल्हे खालच्या पायऱ्यांवर आहेत, तेच बहुतेक मानव विकासातही मागे आहेत. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम ही नावे दोन्ही याद्यांत भेटतात.

ह्याचे कारण शोधावयास दूर जाण्याची आवश्यकता नाही. जेथे पाऊस हेच सिंचन, तेथे पिकाची शाश्वती नाही. जेथे पिकाची शाश्वती नाही, तेथे कारखाने, गोदामे, बँका व खासगी डॉक्टर आपणहून येत नाहीत. आणि ते येत नाहीत म्हणून शेतीवाचून दुसरा रोजगार उभा राहत नाही. राज्यांमध्ये कपाशीचे सर्वांत मोठे क्षेत्र महाराष्ट्रात असूनही हेक्टरी रुईचे उत्पादन देशाच्या सरासरीपेक्षा कमी पडते, ते मुख्यतः आपली कपाशी कोरडवाहू असल्यामुळे. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 साली राज्यातील प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा तो सुमारे 3,187 कोटी रुपये भरला आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. त्यानंतर 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, दरम्यान डॉ. विजय केळकर समितीने 2013 साली पुन्हा ह्याच प्रश्नाचा विचार केला. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात यवतमाळ होते. ज्या जिल्ह्याने वसंतराव व सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री राज्यास दिले, त्या जिल्ह्याची ही स्थिती असावी, हे ऐकून बाहेरची माणसे आश्चर्य व्यक्त करतात. आपणांस ते आश्चर्य करीत बसण्यास सवड नाही.

आता हे नाते तुटते कोठे? ते प्रथम सरासरीत तुटते.

दहा घरांची एक वस्ती आहे असे समजू. त्यातील नऊ घरांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी 80,000 रुपये आणि दहाव्या घराचे 12,80,000 रुपये आहे. एकूण 20 लक्ष, म्हणून सरासरी दर घरी 2 लक्ष. ह्या वस्तीत 2 लक्ष रुपये उत्पन्न असलेले घर एकही नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुढील वर्षी दहाव्या घरास व्यवसायात पाच लक्ष अधिक मिळाले आणि नऊ घरे होती तेथेच राहिली. सरासरी अडीच लक्ष झाली, म्हणजे वस्तीची प्रगती शेकडा 25 झाली, असा अहवाल आपण वर पाठवू; आणि अंकगणिताच्या दृष्टीने तो बिनचूक असेल.

जिल्ह्याच्या उत्पन्नात आणखी एक गोम आहे. जिल्हा उत्पन्न मोजताना त्या हद्दीत जे उत्पादन झाले ते मुख्यत्वे धरले जाते. त्याचा पैसा कोणाच्या घरी गेला, हा प्रश्न त्यात येत नाही. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. त्या खाणींतून निघणाऱ्या कोळशाने यवतमाळ जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा फुगतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास असलेल्या नेरमधील पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दरडोई उत्पन्न कागदोपत्री त्यामुळे वाढते. त्याच्या घरात मात्र त्या कोळशाचा एक रुपया येत नाही. हीच गोष्ट राज्याची. महाराष्ट्राचे 2023-24 चे दरडोई उत्पन्न 2,78,681 रुपये सांगितले जाते. हा आकडा नेरच्या ग्रामसभेत वाचून दाखविला, तर लोक हसतील, आणि त्यांचे हसणे योग्यच ठरेल.

ह्याहून महत्त्वाची बाब म्हणजे उत्पन्न आले तरी त्याचे आपोआप मानव विकासात रूपांतर होत नाही. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. तथापि, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील बालकांपैकी वयाच्या मानाने उंची खुंटलेली बालके देशात शेकडा 35.5, तर महाराष्ट्रात शेकडा 35.2 आढळली. म्हणजे उत्पन्नातील एवढ्या मोठ्या अंतराने बालकाच्या वाढीत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. त्याच पाहणीत राज्यातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 54.2 स्त्रियांमध्ये रक्तक्षय दिसला. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण शेकडा 48 होते. उत्पन्न वाढत असताना रक्त उतरत गेले. उलट केरळ राज्य पाहा. पन्नास वर्षांपूर्वी त्याचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते. तरी साक्षरता व बालमृत्यूच्या बाबतीत ते तेव्हाही देशाच्या पुढे होते. 2020 साली दर हजार जन्मांमागे बालमृत्यू केरळात 6, महाराष्ट्रात 16 आणि देशात 28 होते.

आपल्या राज्यातच दाखला हवा असेल, तर 2011 च्या जनगणनेतील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण पाहावे. ऊस, दूध व सहकार ह्यांनी संपन्न झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात दर हजार मुलांमागे 863 मुली होत्या. उत्पन्नात अगदी मागे असलेल्या गडचिरोलीत 961. पैसा येतो तेव्हा तो कोणत्या विचाराच्या हाती येतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

यवतमाळच्या पदरी ह्या हिशेबात एक जमेची बाजूही आहे, आणि ती सांगितली पाहिजे. 2011 साली जिल्ह्याची साक्षरता शेकडा सुमारे 82.8 होती, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या बरोबरीची. दहा वर्षांपूर्वी ती राज्याहून तीनेक टक्क्यांनी कमी होती. उत्पन्नाने आपण राज्याच्या मागे राहिलो. अक्षरओळखीने मागे राहिलो नाही. खेड्यातील प्राथमिक शाळा, जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि अर्धपोटी राहूनही मुलास पाटी घेऊन देणारे आईबाप ह्यांचे हे श्रेय आहे.

किमान घटकाचा नियम

1990 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने महबूब उल हक ह्यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल काढला. त्या कामी प्रा. अमर्त्य सेन ह्यांचे साहाय्य होते. दीर्घ व निरोगी आयुष्य, शिक्षण आणि बेताचे राहणीमान ह्या तीन गोष्टी एकत्र मोजाव्यात, ही त्यांची कल्पना. पूर्वी ह्या तीन अंकांची साधी सरासरी काढीत. 2010 पासून त्यांचा गुणाकार करून घनमूळ काढतात. हा बदल केवळ गणितज्ञांच्या सोयीचा नाही. साध्या सरासरीत एका अंगाची उणीव दुसऱ्या अंगाच्या अधिक्याने सहज भरून निघे. आता ती तशी भरून निघत नाही.

शेतकऱ्यास हे समजावून सांगणे मुळीच कठीण नाही. जमिनीत स्फुरद कमी असेल, तर नत्राची आणखी एक पिशवी टाकून पीक वाढत नाही. उलट पऱ्हाटी नुसती पाल्यावर जाते आणि मावा-तुडतुड्यास आमंत्रण मिळते. जो घटक सर्वांत कमी, तो उत्पादनाची मर्यादा ठरवितो, हे आम्ही कृषिपदवीच्या पहिल्या वर्षी शिकलो. घराचेही तसेच आहे. उत्पन्न हे नत्र समजा. आरोग्य किंवा शिक्षण जेथे उणे, तेथे ते पाल्यावरच जाते.

त्याचा दुःखद अनुभव जिल्ह्याने 2017 च्या खरिपात घेतला. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पीक त्या वर्षी दाट व उंच वाढले होते. उत्पन्नाची आशा मोठी होती. परंतु डब्यावरील सूचना वाचता न येणे किंवा वाचून न समजणे, दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे, तोंडाला फडकेसुद्धा न बांधता वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणे, आणि रोजाने फवारणाऱ्या मजुरास हातमोजे देणे ही आपली जबाबदारी आहे असे मालकास न वाटणे, ह्या सर्वांची किंमत माणसांनी दिली. हे उत्पन्नाचे दारिद्र्य नव्हते; ते ज्ञानाचे व आरोग्यसेवेचे होते, आणि आपल्या खात्याच्या लोकांनी हे मान्य करावयास हवे की त्यात विस्तारकार्याचीही उणीव होती.

पैशाचा महिना आणि खर्चाचा महिना

लेखाच्या आरंभी पाहुण्याच्या दोन भेटींचा उल्लेख केला, त्याकडे आता वळतो; कारण माझ्या मते नेरसारख्या कोरडवाहू तालुक्यात उत्पन्न व जीवनमान ह्यांची गाठ ज्या ठिकाणी सुटते, ते ठिकाण हेच होय.

कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा कार्तिकापासून माघापर्यंत येतो. खर्च मात्र मृगापासून उभा राहतो. बियाणे, खत, निंदणाची मजुरी ही शेतीची निकड एकीकडे. त्याच सुमारास जूनअखेर शाळा उघडते, त्याच पावसाळ्यात ताप, हगवण, सर्पदंश वाढतात, आणि निंदणीच्या ऐन मोसमात गरोदर बाईलाही वावरात वाकावे लागते. पूर्वी घरात ज्वारीची कणगी असे. सोयाबीनचा विस्तार झाल्यावर ज्वारीचे क्षेत्र घटले, कडबा गेला, कडबा गेल्याने गुरे घटली, गुरे घटल्याने लेकरांच्या ताटातील दूध व ताक गेले. हातात रोकड पूर्वीपेक्षा अधिक खेळते हे खरे, पण ती दुकानातून खाण्याचा जिन्नस आणण्यात जाते आणि श्रावणात ती नसते. वर्षाचे उत्पन्न मोजणाऱ्या तक्त्यात हा महिना कोठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या क्षेत्रात कपाशीच्या पीक प्रात्यक्षिकाचा एक प्लॉट उत्तम साधला होता. रुंद सरी-वरंब्यावर लागवड, वेळेवर निंदण, तुरीच्या ओळी. मी त्याचे छायाचित्र अहवालात लावले आणि एकरी उत्पादनाचा आकडा मोठ्या अभिमानाने लिहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्या घरी गेलो, तेव्हा समजले की निम्मा कापूस आधीच ठरलेल्या भावाने उधारीत गेला होता. बाळंतपणात सुनेस मोठ्या शहरातील रुग्णालयात न्यावे लागले, त्यासाठी ती उचल घेतली होती. नववीतील मुलीने शाळा सोडली होती, कारण सून अंथरुणास खिळल्यावर घर सांभाळावयास दुसरे कोणी नव्हते. माझा प्लॉट यशस्वी झाला होता. माझ्या नोंदवहीत मात्र बाळंतपणाचा रकाना नव्हता, मुलीचा नव्हता, आणि कापूस कोणत्या महिन्यात व कोणत्या भावाने गेला हाही नव्हता. त्या घरचे उत्पन्न वाढले की घटले, असे मला आज कोणी विचारले, तर उत्तर देताना मी अडखळेन.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाने 2006 पासून ज्या जिल्ह्यांत प्रारंभ केला, त्यांत यवतमाळ होता. 2011 मध्ये तो 22 जिल्ह्यांतील 125 तालुक्यांपर्यंत नेण्यात आला. मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली व एसटीच्या स्वतंत्र गाड्या, अभ्यासिका, गरोदर स्त्रियांची तपासणी, अशा योजना त्यात आहेत. त्यातील एका योजनेचे नाव मला विशेष अर्थपूर्ण वाटते : बुडीत मजुरी. गरोदर बाईने शेवटच्या दिवसांत व बाळंतपणानंतर विश्रांती घ्यावी, हे सांगणे सोपे आहे; परंतु विश्रांती घेतली तर रोज बुडतो, आणि रोज बुडाला तर चूल बुडते. म्हणून बुडालेल्या रोजाची अंशतः भरपाई गरीब घरांतील अशा स्त्रियांस द्यावयाची. उत्पन्न आणि आरोग्य ह्यांची सांगड ह्या दोन शब्दांत जितकी नेमकी बसली आहे, तितकी कित्येक जाड अहवालांत बसलेली नाही. ही योजना आपल्या गावास लागू आहे किंवा कसे, हे आशा कार्यकर्तीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

दारिद्र्य मोजण्याची अलीकडची पद्धतही ह्याच दिशेने गेली आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात रुपयांऐवजी बारा गोष्टी पाहतात. पोषण, मूल दगावले काय, बाळंतपणाची काळजी, शाळेची वर्षे, हजेरी, चुलीचे जळण, संडास, पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँकेचे खाते. ह्या मोजणीप्रमाणे 2015-16 मध्ये महाराष्ट्रात शेकडा 14.80 लोक दरिद्री होते, ते 2019-21 मध्ये 7.81 झाले, देशात ते 24.85 वरून 14.96 वर आले. उतार समाधानकारक आहे. तरीही गॅस, वीज, खाते ह्या गोष्टी योजनेने लवकर मिळू शकतात, पोषण व शिक्षण तितक्या लवकर सुधारत नाही, हे विसरून चालणार नाही. सिलिंडर घरात असून तो भरावयास पैसे नसल्याने पऱ्हाटीच चुलीत जळते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून माझी गावपातळीवरील सहकाऱ्यांस एक सूचना आहे. आपल्या नोंदवहीत एकरी उत्पादनाशेजारी थोडी जागा ठेवा. माल कोणत्या महिन्यात विकला आणि कोणाच्या निकडीने विकला, हे लिहा. वेचणीची मजुरी बाईच्या हातात पडली की घरधन्याच्या, हे शक्य झाल्यास लिहा. बाईच्या हातचा पैसा मुलांच्या पोटात अधिक जातो, असे मला घरोघरी दिसले आहे. बांधावर शेवगा, परसात पालेभाजी, तुरीच्या जोडीस मूग-उडीद आणि थोडी तरी ज्वारी ह्यांची शिफारस करताना त्यातून किती रुपये मिळतील एवढेच सांगू नका. श्रावणात घरी काय शिजेल, तेही सांगा. शेळी व कोंबडी ह्यांचा उपयोगही असा की त्या कोणत्याही महिन्यात विकता येतात. शेततळ्यातील एका संरक्षित पाण्याने हरभरा साधला, तर माघ-फाल्गुनात पैशाचा दुसरा हप्ता मिळतो, व तोच पुढील जूनच्या बियाण्यास उपयोगी पडतो. ही माहिती आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व शिक्षक ह्यांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिली म्हणजे गावातील कोणते घर कोणत्या महिन्यात कोसळते, ते स्पष्ट दिसते. पाच-पन्नास घरांच्या गावात हे काम चार संध्याकाळींचे आहे.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तयार करताना अशी नोंद किती कामास येते, त्याचा एक प्रसंग सांगतो. तालुक्यातील एका गावी पांदण रस्ता आधी घ्यावा की अंगणवाडीची खोली, ह्यावर ग्रामसभेत दोन तट पडले. शेतकरी मंडळी पांदणीच्या बाजूची, स्त्रिया अंगणवाडीच्या बाजूच्या, असे होईल अशी माझी अपेक्षा होती. एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, “साहेब, पांदण झाली त पोरगी बी शाळेत जाईन अन् कापूस बी घरी येईन.” मोठ्या गावच्या माध्यमिक शाळेची वाट त्याच पांदणीतून जात होती, आणि पावसाळ्याचे अडीच महिने सात मुली त्या चिखलामुळे घरी बसत, हे शिक्षकांच्या हजेरीपटावरून तेथेच पडताळून पाहता आले. पांदण आधी घेण्यात आली. अंगणवाडीची मुले मात्र आणखी एक पावसाळा मंदिराच्या गळक्या ओसरीवर बसली, आणि त्यांतील दोघांचे वजन त्या पावसाळ्यात घटल्याचे सेविकेने मला दाखविले. तिचा माझ्यावरील राग अद्याप गेलेला नाही. यंदाच्या आराखड्यात त्या खोलीचे काम पहिल्या क्रमांकावर घातले आहे.